समुद्राच्या कातडीचं तापमान

गेल्या अंकात मी जहाजावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान मोजण्याच्या कामाबद्दल लिहिलं होतं. त्यावर अपेक्षेपेक्षा खूप पत्रं आली. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र करून पाच पत्रांना इथे उत्तरं देते आहे. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : उपग्रह अवकाशातून समुद्राचं तापमान सांगतात. ते बरोबर आहे का, हे ताडून पाहण्यासाठी काही जहाजांवर, कठड्याजवळ किंवा ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीच्या, छतावर अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, मोजणारं एक यंत्र बसवलेलं असतं. त्याला रेडिओमीटर म्हणतात. अशी यंत्रं बसवणं, सांभाळणं आणि त्यांचे आकडे तपासणं हे माझं बरीच वर्षं काम होतं.

ताई, उपग्रह एका दिवसात जवळपास सगळे समुद्र पाहून घेतो आणि जहाज बिचारं एका रेषेत जातं. त्या एका रेषेवरून उपग्रहाची परीक्षा कशी घेणार? आणि परीक्षाच घ्यायची तर पाण्यात थर्मामीटर बुडवावा. त्यासाठी एवढं नाजूक यंत्र कशाला? — एक निवृत्त शिक्षक

सर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण या कामाचा सगळा जीव त्यातच आहे.

उपग्रहाला पाण्याचं तापमान थेट कळत नाही. त्याला कळते ती पाण्यातून निघणाऱ्या अवरक्त प्रारणाची तीव्रता, मुख्यतः १० ते १२ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यातली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). या किरणांना पाणी अजिबात पारदर्शक नाही. खोलवरून निघालेला किरण वाटेतच शोषला जातो. बाहेर पडतो तो अगदी वरच्या सुमारे १० मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्यातून. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा पापुद्रा केसाच्या सातव्या हिश्श्याएवढा. उपग्रह ‘समुद्राचं तापमान’ म्हणून जे सांगतो ते या पापुद्र्याचं. आम्ही त्याला समुद्राची कातडी म्हणतो. तिथे बुडवता येईल असा थर्मामीटर नाही. तो बुडवला की कातडी फाटते आणि खालचं पाणी वर येतं.

यावर कोणी म्हणेल, पापुद्रा आणि त्याखालचं पाणी यांत असा कितीसा फरक असणार? फरक असतो, आणि नियमाने असतो. समुद्र सतत उष्णता हवेत सोडत असतो, बाष्पीभवनाने आणि प्रारणाने. अंघोळ करून बाहेर आलं की वाऱ्याने अंगाला गारवा लागतो, तसंच हे आहे. ही सगळी उष्णता अखेर त्या कातडीतूनच बाहेर पडते. पृष्ठभागाच्या अगदी लगत पाण्याची घुसळण थांबलेली असते, त्यामुळे खालून येणारी उष्णता तिथून रेणूरेणूने सरकते. म्हणून कातडी खालच्या पाण्यापेक्षा थोडी थंड राहते. वारा सेकंदाला ६ मीटरपेक्षा जास्त असेल तर हा फरक सरासरी ०.१७ अंशाच्या आसपास स्थिरावतो. वारा पडला की तो फरक वाढतो आणि त्याचा भरवसाही उरत नाही.

याच्या अगदी उलट प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा यंत्र बिघडलं असं मला वाटलं होतं. दुपारचे दोन वाजले होते, वारा नव्हता, पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. जहाजाच्या तळाकडून, सुमारे पाच मीटर खोलीवरून आत घेतलेल्या पाण्याचा थर्मामीटर २९.४ दाखवत होता आणि रेडिओमीटर ३१.९. अडीच अंशांचा फरक! मी वर गेले, यंत्राचं झाकण काढलं, आरसा पाहिला, यंत्राचा ताळा लावायला आत असलेल्या दोन्ही संदर्भ पोकळ्यांचे (त्यांच्याबद्दल पुढे सांगते) आकडे तपासले. सगळं जागच्या जागी होतं. मग काही न करता मी आकडे बघत बसले. साडेपाचच्या सुमारास वारा सुटला, पाण्यावर सुरकुत्या आल्या, आणि तासा-दीड तासात तो अडीच अंशांचा फरक वितळून गेला. अंधार पडेपर्यंत कातडी खालच्या पाण्यापेक्षा ०.२ अंशांनी थंड झालेली होती. दिवसभराच्या उन्हाने वरचं पाणी तापलं होतं, आणि वारा नसल्याने ती उष्णता खाली मिसळली नव्हती. वाऱ्याने पाणी ढवळलं आणि सगळं एकजीव झालं. त्या दुपारी उपग्रहाचा आकडा आमच्या रेडिओमीटरच्या जवळ होता. खालच्या थर्मामीटरवर विसंबून आम्ही त्याला तपासलं असतं, तर उपग्रह अडीच अंशांनी चुकतो असं लिहून मोकळे झालो असतो. वास्तविक दोन्ही उपकरणं खरं बोलत होती, फक्त वेगवेगळ्या पाण्याबद्दल.

म्हणूनच या क्षेत्रातले लोक ‘समुद्राचं तापमान’ असं नुसतं कधी म्हणत नाहीत. कातडीचं तापमान, अमुक खोलीवरचं तापमान, आणि उन्हाचा परिणाम जिथे पोचत नाही तिथलं, म्हणजे पहाटेच्या सुमारास हाती लागणारं पायाचं तापमान, अशी वेगळी नावं ठरलेली आहेत. उपग्रह कातडी बघतो, तर त्याला तपासणाऱ्यानेही कातडीच बघायला हवी. रेडिओमीटर पाण्याला स्पर्श न करता, उपग्रहासारख्याच पट्ट्यात, तीच कातडी बघतो. तो उपग्रहाचा धाकटा भाऊच म्हणा, फक्त पाण्यापासून काही मीटरवर उभा असलेला.

आता रेषेचा प्रश्न. उपग्रहाची चूक समुद्राच्या प्रत्येक तुकड्यावर वेगळी नसते. ती मुख्यतः मधल्या हवेमुळे होते. पाण्यातून निघालेलं प्रारण वर जाताना बाष्प त्यातलं काही शोषून घेतं, आणि ते बाष्प स्वतः थंड असल्याने वर पोचणारा संकेत पाणी आहे त्यापेक्षा थंड दाखवतो. दमट उष्ण कटिबंधात हा फरक काही अंशांचा असतो. ११ आणि १२ मायक्रॉनच्या पट्ट्यांत बाष्पाचा त्रास कमी-जास्त होतो. त्या दोहोंतल्या फरकावरून बाष्पाचा हिशेब करून आकडा दुरुस्त करतात. ही दुरुस्ती कोरड्या हवेत जमते का, दमट हवेत जमते का, धूळ असेल तेव्हा जमते का, हे बघायचं असतं. थंड समुद्रातून निघून विषुववृत्तापर्यंत जाणारं एक जहाज वाटेत हे सगळे हवेचे प्रकार ओलांडतं. रेषा एकच असली तरी परीक्षेचे सगळे विषय तिच्यावर येतात.

हवा दगा देते म्हणजे काय, याचं मोठं उदाहरण १९९१ सालचं. त्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला आणि सल्फ्युरिक आम्लाच्या सूक्ष्म थेंबांचा थर वरच्या वातावरणात पृथ्वीभर पसरला. तेव्हा वापरात असलेल्या एव्हीएचआरआर या उपग्रही यंत्राच्या गणितात हा थर धरलेलाच नव्हता. त्याला उष्ण कटिबंधातले समुद्र खऱ्यापेक्षा एक अंशाहून जास्त थंड दिसू लागले. समुद्र थंड झाला नव्हता, मध्ये पडदा आला होता. हे कळलं ते खाली पाण्यात आणि जहाजांवर मोजणारी माणसं आणि उपकरणं होती म्हणून. त्याच वर्षी जुलैमध्ये ईआरएस-१ उपग्रहावरून एटीएसआर हे यंत्र वर गेलं. ते समुद्राचा तोच तुकडा दोनदा बघायचं, एकदा सरळ खाली आणि एकदा तिरकं. तिरक्या नजरेत हवा जास्त मध्ये येते, आणि दोन्हींच्या तुलनेतून हवेचा वाटा वेगळा काढता येतो. हीच कल्पना पुढे २००२ ते २०१२ या काळात एन्व्हिसॅट उपग्रहावर आणि २०१६ पासून सेंटिनेल-३ उपग्रहांवर वापरली गेली.

समुद्रात तरंगते बोयेही आहेत. जगभर सव्वा हजाराच्या आसपास बोये वाऱ्या-प्रवाहाबरोबर वाहत तापमान कळवत असतात. त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही, कारण ते सर्वदूर आहेत. पण ते सुमारे २० सेंटिमीटर खोलीवर मोजतात, आणि एकदा पाण्यात सोडलेला बोया सहसा परत हाती येत नाही. दोन वर्षांनी त्याचा थर्मामीटर किती सरकला, हे प्रयोगशाळेत नेऊन पाहता येत नाही. जहाजावरचं यंत्र बंदरात उतरवता येतं, तपासता येतं. संख्येसाठी बोये आणि खात्रीसाठी रेडिओमीटर, असं मी मानते.

मी बारावीत आहे. रेडिओमीटर उपग्रहाला तपासतो, मग रेडिओमीटरला कोण तपासतं? समुद्राच्या खाऱ्या हवेत आरसे-बिरसे खराब होत नाहीत का?

फार चांगला प्रश्न विचारलास. हा प्रश्न विचारायला मी स्वतः उशिरा शिकले, आणि त्याची किंमत मोजून शिकले. ते पुढे सांगते.

यंत्राचं डोकं म्हणजे एक जाड नळकांडं. त्याला एका अंगाने फट असते आणि आत सोन्याचा मुलामा दिलेला एक छोटा आरसा फिरत असतो. आरसा थांबत थांबत फिरतो : थोडा वेळ समुद्राकडे, थोडा वेळ आकाशाकडे, आणि मग आतल्या दोन पोकळ्यांकडे. या पोकळ्यांना कृष्णिका म्हणतात. आतून काळ्या रंगाच्या, खोल, आणि त्यांच्या भिंतीत नेमके थर्मामीटर बसवलेले. एक कृष्णिका हवेच्या तापमानाला असते आणि दुसरी तिच्यापेक्षा सुमारे १० अंशांनी तापवलेली. दोन्हींचं तापमान आपल्याला माहीत असतं, म्हणजे संवेदकाला मिळणाऱ्या संकेताचा अंशांशी ताळा दर काही मिनिटांनी पुन्हा पुन्हा लावता येतो. समुद्र कुठे बसतो, ते या दोन खुणांवरून कळतं.

आता आरसा. खाऱ्या हवेत तो मळतोच. पण समुद्र, आकाश आणि दोन्ही कृष्णिका, सगळ्यांकडे यंत्र त्याच आरशातून आणि आरशाच्या त्याच कोनातून बघतं. आरसा मळला तर चौघांचेही संकेत सारखेच बिघडतात आणि ताळा लावताना मळाचा परिणाम बराचसा निघून जातो. ज्याने हे पहिल्यांदा सुचवलं त्याला माझा मनापासून नमस्कार आहे. मळ फार झाला की गरम आणि साध्या कृष्णिकेच्या संकेतांमधलं अंतर आकसू लागतं. ते अंतर मी रोज सकाळी आधी बघायची. आरशावर पाण्याचा थेंब बसला तर ते एकदम कोसळतं, कारण पाणी अवरक्त किरणांना अपारदर्शक आहे आणि यंत्र मग थेंबाचंच तापमान सांगत राहतं.

प्रवासाला निघण्याआधी आणि परतल्यावर यंत्र प्रयोगशाळेतल्या मोठ्या कृष्णिकेसमोर धरतात. ही कृष्णिका पाण्याच्या टाकीत बुडवलेली असते, पाणी सतत ढवळतात, आणि त्यातला थर्मामीटर राष्ट्रीय मापन संस्थेच्या प्रमाणाशी जुळवलेला असतो. जाताना आणि येताना दोन्ही वेळा यंत्र खरं उतरलं तरच मधल्या महिन्यांचे आकडे ग्राह्य धरायचे. याशिवाय वेगवेगळ्या देशांचे गट काही वर्षांनी आपापली यंत्रं घेऊन एकत्र येतात आणि सगळी एकाच कृष्णिकेसमोर, मग एकाच पाण्यासमोर लावून तुलना करतात. २००१ आणि २००९ साली मायामीत अशा तुलना झाल्या, २०१६ साली लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत झाली. उपग्रहातही स्वतःच्या कृष्णिका असतात बरं का, पण एकदा वर गेलेला उपग्रह पुन्हा प्रयोगशाळेत आणता येत नाही. ती उणीव जहाजावरून भरून काढायची असते.

आता माझी चूक. यंत्र आकाशाकडे का बघतं, हे सुरुवातीला मला वरवरच कळलं होतं. पाणी अवरक्त किरणांसाठी जवळजवळ पूर्ण काळं आहे, पण अगदी पूर्ण नाही. वरून बघितलं तर शंभरातला साधारण एक हिस्सा ते आकाशाचा परावर्तित करतं, आणि तिरकं बघावं तसा हा हिस्सा वाढत जातो. निरभ्र आकाश अवरक्तात भयंकर थंड दिसतं, शून्याखाली कित्येक अंश. त्या एका टक्क्यामुळेसुद्धा समुद्राचा आकडा अर्ध्या अंशापर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून आकाश मोजून तेवढी भर घालायची.

एका सफरीत सलग तीन दिवस आमचा समुद्र उपग्रहापेक्षा जवळपास अर्धा अंश थंड येत होता. कृष्णिका ठीक, आरसा स्वच्छ, कातडीचा परिणाम धरून झालेला. उपग्रहाचं गणित चुकतंय, अशी टिपणी मी लिहूनही ठेवली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आकाशाच्या नोंदी सहज चाळल्या. निरभ्र रात्री आकाश चक्क २७ अंश दाखवत होतं. धावत वर गेले. रंगकामासाठी वरच्या डेकवर एक ताडपत्री बांधली होती आणि तिचा कोपरा यंत्राच्या आकाशाकडच्या नजरेत बरोबर आडवा येत होता. यंत्राला वाटत होतं, आकाश उबदार आहे. म्हणून घालायला हवी ती भर ते जवळजवळ घालतच नव्हतं, आणि समुद्र थंड निघत होता. खलाशांचा काही दोष नव्हता. ही नजर मोकळी ठेवायची हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तीन दिवसांचे आकडे मी रद्द केले. त्यानंतर प्रत्येक जहाजावर पहिल्या दिवशी बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, यंत्रापाशी नेऊन, हात पसरून, ‘इथून इथपर्यंत काही बांधायचं नाही’ असं दाखवायची सवय लावून घेतली.

पाऊस असेल, ढग असतील, रात्र असेल तेव्हा काय करता?

रात्र उलट चांगली. दिवसा जवळपास ३.७ मायक्रॉनच्या पट्ट्यात सूर्यप्रकाशाचं परावर्तन मिसळतं, रात्री तो पट्टाही उपग्रहाला नीट वापरता येतो, आणि उन्हाने तापलेला थरही नसतो.

पाऊस आला की यंत्रावरचा पर्जन्य-संवेदक झाकण बंद करतो आणि पाऊस थांबल्यावर उघडतो. झाकण बंद झाल्याचा तो खट आवाज ब्रिजवर ऐकू आला की बाहेर न बघता मी वहीत वेळ टिपायची.

ढग हीच खरी अडचण आहे. अवरक्तात उपग्रहाला ढगाखालचं पाणी दिसत नाही, ढगाचा थंड माथा दिसतो. दाट ढग ओळखू येतात, पण विरळ, उंचावरचे ढग गणिताला चकवतात आणि समुद्र थोडासाच थंड दिसतो, म्हणजे खरा वाटावा इतका. सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) वापरणारे उपग्रह ढगांतून बघू शकतात, पण त्यांचा एक ठिपका सुमारे ५० किलोमीटरचा, आणि किनाऱ्याजवळ त्यांचं काही चालत नाही. आम्हाला हवी असते ती घडी अशी : निरभ्र आकाश, डोक्यावरून जाणारा उपग्रह, आणि त्याच दोन तासांत त्याच किलोमीटरभर पाण्यात असलेलं जहाज. आठवडेच्या आठवडे नोंदी घ्याव्यात आणि अशा जुळणाऱ्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाव्यात, हे नेहमीचंच आहे. म्हणून ठरलेल्या मार्गावर वर्षानुवर्षं ये-जा करणारी प्रवासी जहाजं या कामाला सोन्यासारखी. इंग्लंडहून बिस्केच्या उपसागरातून स्पेनला जाणाऱ्या ‘प्राइड ऑफ बिल्बाओ’ या फेरीवर २००४ पासून असं यंत्र होतं. ‘एक्सप्लोरर ऑफ द सीज’ आणि ‘क्वीन मेरी २’ या मोठ्या जहाजांवरूनही हे काम झालं. प्रवासी डेकवर फिरत असतात आणि वर एक नळकांडं शांतपणे समुद्राकडे बघत असतं.

एक दशांश अंशासाठी एवढा आटापिटा खरंच गरजेचा आहे? आम्हा सामान्यांना एक दशांशाने काय फरक पडतो? — एक वाचक

हाताला तो कळणार नाही, खरं आहे. पण समुद्राच्या वरच्या अडीच मीटर पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, साधारण तेवढ्याच उष्णतेत वरचं संपूर्ण वातावरण एक अंशाने तापेल. इतकी उष्णता धरून ठेवणाऱ्या पाण्याचा एक दशांश लहान नाही. आणि चक्रीवादळं साधारण २६.५ अंशांपेक्षा उबदार पाण्यावर पोसली जातात. वादळाचा अंदाज बांधणाऱ्या गणिताला रोज हाच नकाशा लागतो.

माझ्या लेखी याहून महत्त्वाचं कारण वेगळं आहे. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात जगाच्या समुद्रपृष्ठाचं सरासरी तापमान सुमारे ०.८८ अंशाने वाढलेलं होतं. दीड शतकाच्या आसपासच्या काळात एक अंशही नाही. आता असं धरा, एखाद्या उपग्रहाचा संवेदक दहा वर्षांत हळूहळू एक दशांशाने सरकला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. तर एका दशकात समुद्र किती तापला, या प्रश्नाचं उत्तरच नासलं. उपग्रह मधूनच बंद पडतात, नवे येतात. एन्व्हिसॅटशी संपर्क एप्रिल २०१२ मध्ये अचानक तुटला, आणि त्याच घराण्यातलं पुढचं यंत्र वर गेलं २०१६ साली. मधली चार वर्षं तुलनेला दोन्ही एकत्र नव्हतीच. जुन्याचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा एकाच मापाने मोजलेले आहेत, हे सांगायला दोन्ही वेळी खाली तपासून घेतलेलं काहीतरी हजर असावं लागतं. इथे दशांशही मोठा ठरतो, शतांशांची भाषा करावी लागते.

मी व्यापारी जहाजावर इंजिनरूममध्ये काम करतो. आमच्या लॉगमध्ये समुद्राच्या पाण्याचं तापमान लिहितोच. तुमचा लेख वाचून वाटलं, आमच्या नोंदी निरुपयोगी आहेत. आणि एका सहकाऱ्याने विचारलं, जुन्या नोंदी जर इतक्या कच्च्या, तर समुद्र तापतोय हे तरी कशावरून?

निरुपयोगी अजिबात नाहीत. तसं वाटावं असं मी लिहिलं असेल तर माझी चूक झाली, आणि ती इथे दुरुस्त करते.

जहाजांनी हवा आणि पाण्याच्या नोंदी एका पद्धतीने ठेवाव्यात, हे १८५३ साली ब्रुसेल्सच्या परिषदेत ठरलं. त्यामागे मॅथ्यू मॉरी या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. त्याआधीही कुतूहलाने पाणी मोजणारे लोक होते. बेंजामिन फ्रँकलिनने १७७५ च्या अटलांटिक प्रवासात थर्मामीटर बुडवून गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाचं गरम पाणी ओळखलं होतं. पुढे शतकभर पद्धत एकच होती : दोरीने बादली सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर धरायचा. लाकडी बादलीत पाण्याचं तापमान बरंच टिकून राहतं. कॅनव्हासच्या बादलीच्या ओल्या कापडातून बाष्पीभवन होतं आणि डेकवरच्या वाऱ्यात पाणी मिनिटामिनिटाला थंड होतं. थर्मामीटर वाचायला जितका उशीर, तितकी चूक मोठी. दुसऱ्या महायुद्धात रात्री दिवा घेऊन डेकवर बादली ओढणं जिवावरचं काम झालं, आणि इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान लिहिण्याकडे कल वाढला. तुमच्या इंजिनरूमच्या उबेने ते पाणी थोडं गरम वाचलं जातं. त्यामुळे १९४१ च्या सुमारास कच्च्या नोंदींमध्ये समुद्र एकाएकी तापल्यासारखा दिसतो, आणि १९४५ नंतर ब्रिटिश जहाजांच्या बादल्या नोंदींत पुन्हा वाढल्या तशी आकड्यांत घसरण दिसते. समुद्राने यातलं काहीच केलं नव्हतं.

तुमच्या सहकाऱ्याला एक गोष्ट नक्की सांगा. बादल्यांनी जुना समुद्र खऱ्यापेक्षा थंड दाखवला होता. दुरुस्ती करताना तो जुना समुद्र वर उचलावा लागतो. म्हणजे दुरुस्तीनंतर दीर्घकाळातली तापमानवाढ कच्च्या नोंदींपेक्षा कमी दिसते, जास्त नाही. तापमानवाढ फुगवण्यासाठी आकडे बदलले, असं म्हणणाऱ्यांनी ही दिशा पाहावी. कमी करूनही जी उरते ती वाढ आहे. आणि ही दुरुस्ती शक्य झाली, कारण बादली कशाची, पाणी कुठून घेतलं, हे काही नोंदींवरून थेट कळतं आणि काहींचं आकड्यांच्या चालीवरून शोधून काढता येतं. जिथे ते लिहिलेलं असतं तिथे काम सोपं होतं, जिथे नसतं तिथे कोणीतरी वर्षं घालवतं.

म्हणून तुमच्याकडून एवढंच हवं. पाण्याचा अंतर्ग्रहण-मार्ग जलरेषेखाली किती मीटरवर आहे ते लॉगच्या पहिल्या पानावर लिहा. जहाज भरलेलं आणि रिकामं असताना ही खोली बदलते, तेव्हा त्या दिवशीचा ड्राफ्टही, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालं आहे तेही, लिहा. थर्मामीटर पंपाच्या आधी आहे की नंतर, तो शेवटचा कधी तपासला, आणि वेळ कोणत्या प्रमाणाची, हे लिहा. आकडा पूर्ण अंशात गोल करू नका, दशांश दिसत असेल तर दशांश लिहा. थर्मामीटर बदलला तर त्या तारखेखाली रेघ मारा आणि ‘बदलला’ असं स्पष्ट लिहून ठेवा.